इथले बाबा, पुढचे बाबा

कोलशेत,
६ डिसेंबर २०२५

प्रिय दक्षू,

आत्याने तुझा फोन सीएच्या परीक्षेपर्यंत लोखंडी कपाटात कोंडलाय असं कळलं. माझा तर खाडीत गेलाय, कसा ते पुढे लिहितो. म्हणून हे पत्र. आपला भिवा रोज पहाटे कल्याण मार्केटहून आमच्याकडे भाजी आणतो आणि रिकामा टेम्पो घेऊन मोठागावच्या पुलावरून परत जातो. तो कोपरला तुझ्या बिल्डिंगखाली पत्र देईल. कागदाला कोथिंबिरीचा वास आला तर समजून घे.

आता बातमी. आमच्याकडे सध्या दोन बाबा आहेत.

मी चुकून लिहिलेलं नाही. परवा पौर्णिमा होती, त्यामुळे काल सकाळी मोठी भरती, आणि वर धुकं इतकं की धक्क्यावरून पाणी दिसेना. बाबा जाळं निवडत बसलेले, मी शेजारी. आमची बोट 'दर्यासुंदरी' समोर बांधलेली. तेवढ्यात धुक्यातून इंजिनाचा आवाज आला. बाबा म्हणाले, "आपल्यासारखंच खोकतंय."

आणि दर्यासुंदरीच आली. म्हणजे दुसरी. तोच निळा पट्टा, नावावरचा अनुस्वार तसाच चुकीच्या अक्षरावर, फक्त रंग उडालेला. तिने आमच्या दर्यासुंदरीला हळूच ढुशी दिली आणि आतून बाबा उतरले. मी दोरी झेलायला वाकलो तेव्हा फोन खिशातून पाण्यात गेला, आणि मला त्याचं धड दुःखसुद्धा करता आलं नाही.

हे बाबा जरा म्हातारे आहेत. मिशी पांढरी, पोट नाही. आपल्या बाबांकडे बघून म्हणाले, "एवढा सुटलेलो मी?"

"कोण तू?"

"दामाजी."

"दामाजी मी आहे."

"मीपण."

हे बराच वेळ चाललं. शेवटी आई आली. तिने आधी एकाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे, आणि म्हणाली, "चहा दोघांना टाकू का?"

ते म्हणतात, ते २०३१ सालातून आलेत. तुमच्या कोपरच्या मागे खाडी वळते ना, तिथे पौर्णिमेच्या भरतीत आणि दाट धुक्यात एक भोवरा लागतो. त्यात बोट रिव्हर्समध्ये घातली की माणूस मागे जातो. सरळ घातली की पुढे. एवढंच. मी विचारलं, हे तुम्हाला कसं समजलं. तर म्हणाले, "गिअर अडकलेला."

का आलात विचारलं, तर म्हणाले, "सहज."

शेजाऱ्यांना सांगितलंय, उरणचा चुलतभाऊ आहे. घरात आईने दोघांना नावं दिलीत. इथले आणि पुढचे. 'अहो' म्हटलं की दोघे ओ देतात, म्हणून.

उत्तर पाठव. भिवाकडेच दे, तो कुणाला सांगत नाही, त्याला रस नाही.

तुझा,
प्रणित


कोपर,
७ डिसेंबर

प्रणित,

मी इथे डेबिट-क्रेडिट घोकत बसलेय आणि तू मला दोन मामा पाठवतोयस. मामाने दाढीमिशी वाढवून तुला बनवलं असेल. नाहीतर तू पुन्हा ती तरुणांसाठीची अद्भुत कादंबरी लिहायला घेतलीयस, ज्यात मागच्या वेळी ड्रॅगन खाडीत पोहायचा आणि तिसऱ्या पानावर संपायचा.

खरं असेल तर साधी गोष्ट कर. सहा वर्षं पुढून आलेल्या माणसाला सगळं माहीत असणार. त्याला विचार, वर्ल्डकप कोणी जिंकला, सोनं किती झालं, आणि मुख्य म्हणजे मी पास झाले का. शेवटचा प्रश्न जरा लवकर विचार.

आणि माणूस सहा वर्षं ओलांडून सहज येत नाही. मी कोपरहून ठाण्यालासुद्धा सहज येत नाही.

दक्षता


कोलशेत,
१० डिसेंबर

प्रिय दक्षू,

दाढीमिशी नाही. दोघांना एकाच वेळी आंघोळीला जायचं असतं आणि दोघे दाराबाहेर तेच गाणं चुकीच्या सुरात म्हणतात. पुरावा अजून काय देऊ?

तुझे प्रश्न विचारले. त्यांना काहीच आठवत नाही, दक्षू. वर्ल्डकप विचारला तर म्हणाले, "त्या दिवशी लाइट गेलेली." सोनं विचारलं तर म्हणाले, "महाग." कोलंबीचा भाव मात्र महिन्यावार सांगतात. आमच्या धाकट्या बंटीने स्वतःच्या दहावीचं विचारलं, तर त्याच्याकडे बघून म्हणाले, "तू दहावी दिलेलीस?" तेव्हापासून बंटी पहिल्यांदा अभ्यासाला बसलाय, नशिबाला हरवायला.

तुझ्याबद्दल म्हणाले, "दक्षता ना? ती पेढे घेऊन आलेली की." मी म्हटलं, वा. मग विचार करून म्हणाले, "नाही, ते लग्नाचे." कोणाशी लग्न, ते आठवत नाही. "उंच होता. किंवा चपला उंच होत्या."

घरात मात्र वातावरण तापलंय. पुढचे बाबा भांडी घासतात. लसूण सोलतात. आईने कालवण वाढलं की पहिला घास घेऊन डोळे मिटतात आणि म्हणतात, "सरस्वती, काय हात आहे तुझा." इथल्या बाबांनी हे ऐकून ताट बाजूला ठेवलं. म्हणाले, "चोवीस वर्षांत मी असं बोललो नाही, मग हा कुठून शिकला?"

रोज सकाळी ते आईची मासळीची पाटी उचलून बाजारात नेतात. आई मागून हात हलवत चालते. बाजारातल्या बायका हसतात, म्हणतात, सरस्वती, उरणचा दीर कामाचा निघाला. परवा आईने गजरा घातलेला.

अजून एक वेडेपणा. रोज सकाळी ते दारात रिक्षा आणून उभी करतात. "चल सरस्वती, ठाण्याला जाऊन येऊ." आई म्हणते, "बाजार कोण करणार?" रिक्षावाला वाट बघून निघून जातो. दुसऱ्या दिवशी परत तेच. रिक्षावाला आनंद आता चहाला आत येऊन बसतो, त्यालाही माहीत आहे की आई जाणार नाही.

इथल्या बाबांनी ठरवलंय की आपणही काहीतरी करायचं. काल त्यांनी आईसाठी भाकरी थापली. ती आम्ही दर्यासुंदरीला टेकण म्हणून लावलीय.

तुझा,
प्रणित


कोपर,
११ डिसेंबर

प्रणित,

उंच कोण? आमच्या क्लासमध्ये उंच एकच आहे आणि तो शिंकताना टेबल हलवतो. पुन्हा विचार. चष्मा होता का? निदान शिंकत होता का?

आता नीट वाच. पत्र तीनदा वाचलं (पहिले दोनदा फक्त लग्नाचा भाग). पुढचे मामा बंटीबद्दल बोलतात, माझ्याबद्दल बोलतात, कोलंबीबद्दल बोलतात. मामीबद्दल सहा वर्षांनंतरचं एक वाक्य नाही. ती तेव्हा कुठे बसते, काय करते, बाजार करते की नाही, काहीच नाही. तू विचार. सरळ विचार, आणि विचारताना त्यांच्या तोंडाकडे बघ.

दक्षता


कोलशेत,
१५ डिसेंबर

प्रिय दक्षू,

तुझी शंका बरोबर निघाली. प्रकरण गंभीर आहे. आईने बाबांना सोडलंय. म्हणजे सोडणार आहे.

झालं असं. पुढचे बाबा बोंबील साफ करत बसलेले. मी विचारलं, "बाबा, सहा वर्षांनी आई काय करते?" त्यांच्या हातातली सुरी थांबली. मग परत चालू झाली, पण ते साफ केलेला बोंबीलच परत साफ करायला लागले. मी परत विचारलं. म्हणाले, "जा, बर्फ घेऊन ये."

मी बर्फ आणायला न जाता इथल्या बाबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते एवढे चिडले की तसेच धक्क्यावर आले. "काय केलंस तू तिला?" म्हणाले.

पुढचे बाबा म्हणाले, "काहीच केलं नाही मी."

"खोटं बोलू नको. मी ओळखतो तुला."

"काहीच केलं नाही रे. तेच तर."

बघ म्हणजे. सहा वर्षं काहीच केलं नाही, भांडी नाहीत, लसूण नाही, कौतुक नाही. आई कंटाळली आणि गेली. म्हणून हे आता इथे येऊन लसूण सोलतायत, आधीच खात्यात जमा करून ठेवायला. कुठे गेली असेल? मला वाटतं तुमच्याकडे. तुमच्या हॉलमध्ये जागा आहे.

आता मी आणि इथल्या बाबांनी ठरवलंय. पुढच्या पौर्णिमेला त्यांना गोडीत परत पाठवायचं आणि इथल्या बाबांनी आजपासून सुधारायचं. आज सकाळी ते पाटी उचलायला गेले. तिथे पुढच्या बाबांनी आधीच उचललेली. दोघांनी दोन बाजूंनी ओढली. सगळे बांगडे रस्त्यावर. समोरच्या भटक्या कुत्र्यांना आपला संसार आवडू लागलाय.

आई मात्र दमलेली दिसते. बांगडे गोळा करताना मध्येच पायरीवर बसली, छातीवर हात ठेवून. म्हणाली, तुमच्या दोघांमुळे धाप लागली. पुढचे बाबा पांढरेफटक पडले, धावत जाऊन आनंदची रिक्षा घेऊन आले. आई नाही म्हणाली. नेहमीसारखंच.

तो शिंकत होता का ते विचारलं. म्हणाले, मंगलाष्टकात कोणीतरी शिंकत होतं खरं.

तुझा,
प्रणित


कोपर,
१६ डिसेंबर

प्रणित,

भिवाला सांगितलंय की पत्र तुझ्या हातात द्यायचं आणि तू वाचेपर्यंत टेम्पो हलवायचा नाही.

मामीने कोणालाही सोडलेलं नाही. मामी आमच्या हॉलमध्ये नाही. ती तिकडे नाहीच आहे, पण्या. घर सोडून गेलेल्या बायकोसाठी माणूस डोळे मिटून कालवण खात नाही. आणि रोज ठाण्याला रिक्षा कशाला? नाटकाला? त्यांना तिला डॉक्टरकडे न्यायचंय आणि कारण सांगायचं धाडस नाही. कसं सांगणार, की मी पुढून आलोय आणि पुढे तू नाहीस. पाटी ते स्वतः उचलतात, ती तिने उचलू नये म्हणून. धाप तुमच्या दोघांमुळे लागलेली नाही.

आता उठ. दोन्ही मामांना घे, मामीला घे, आणि आत्ताच जा. ती बाजाराचं नाव काढेल, तर बाजार तू कर. माझ्या आईला मी सांगितलंय, ती हॉस्पिटलमध्ये पोचेल.

माझ्या लग्नाचं आत्ता काही विचारू नकोस.

दक्षता


कोलशेत,
२८ डिसेंबर

प्रिय दक्षू,

आत्याने थोडं सांगितलं असेल, पण ती मध्येच रडते आणि मध्येच हसते, म्हणून मी पहिल्यापासून सांगतो.

तुझं पत्र वाचून मी तसाच टेम्पोच्या पायरीवर बसलो. भिवाने विचारलं, "नापास?" मी त्याला पत्र दिलं. त्याने वाचलं, आणि टेम्पोतले क्रेट बाजूला सरकवून मध्ये गोणपाट अंथरलं. मग मी घरात गेलो आणि पुढच्या बाबांना सगळ्यांसमोर विचारलं, "आईला काय झालं?"

त्यांनी इथल्या बाबांकडे बघितलं. इथल्या बाबांना तेव्हा कळलं. दक्षू, एकच माणूस एकाच वेळी दोनदा रडताना मी बघितला. ते मला परत बघायचं नाही.

आई म्हणाली, "मी जाते. पण तुम्ही दोघांनीही तपासून घ्यायचं." आम्ही सगळे भिवाच्या टेम्पोत, आई मध्ये, दोन्ही बाजूंना एकेक बाबा, मांडीवर फ्लॉवरचा क्रेट. आनंद रिकामी रिक्षा घेऊन मागून आला. इतके दिवस थांबलो, आता येतोच, म्हणाला.

हॉस्पिटलमध्ये गोंधळ झाला. आईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव विचारलं तर दोघे एकदम म्हणाले, "दामाजी." नर्सने पेन खाली ठेवलं. बाबांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी आधी इथल्यांचं पोट बघितलं, मग पुढच्यांचं, आणि म्हणाले, दोघांच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा व्रण अगदी सारखा कसा? पुढचे बाबा म्हणाले, "आमच्यात सगळ्यांना असतो." डॉक्टर बरेच दिवस सुट्टीवर गेले नसावेत, त्यांनी मान हलवली.

आईच्या हृदयाच्या दोन नळ्या बंद होत आलेल्या. दुसऱ्या दिवशी त्यात स्प्रिंगसारखं काहीतरी बसवलं. ते चालू असताना दोन्ही बाबा बाहेरच्या बाकावर एकमेकांना चिकटून बसलेले. आत्या आली, पुढच्या बाबांच्या गळ्यात पडली, "दादा, किती वाळलास रे" म्हणाली, आणि इथल्या बाबांकडे बघून मला हळूच विचारलं, "हा जाडा कोण?"

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वेळेत आणलंत. पुढचे बाबा उठून उभे राहिले, डॉक्टरांना नमस्कार केला, नर्सला केला, वॉर्डबॉयला केला, आणि पाण्याच्या मशिनलाही केला.

आई घरी आली. त्या संध्याकाळी इथल्या बाबांना शंका आली की आता सगळं बदललं तर पुढचे बाबा गायब होतील. आम्ही तिघे त्यांच्यासमोर बसून त्यांच्याकडे टक लावून बघत राहिलो. त्यांना फक्त उचकी लागली.

ते पौर्णिमेला परत जाणार आहेत. घरी काय असेल ते त्यांना माहीत नाही. मलाही नाही.

आई तुला पत्र लिहिणार आहे म्हणते. मी म्हटलं, तुला कसं कळलं आम्ही पत्रं लिहितो? तर म्हणाली, "कोथिंबिरीचा वास येतो तुझ्या खिशाला."

तुझा,
प्रणित


कोलशेत,
५ जानेवारी २०२६

चि. दक्षतास,
मामीचा आशीर्वाद.

तुझी परीक्षा सुरू झाली असेल. पोटभर खाऊन जात जा. माझी तब्येत बरी आहे, गोळ्या घेते, पाटी उचलत नाही. प्रणित लिहितो ते सगळं मी वाचलेलं नाही, पण तो काय लिहीत असेल ते मला ठाऊक आहे. त्याला वाटतं, आईला काही कळत नव्हतं. म्हणून माझी बाजू मीच लिहिते. सातवीनंतर हे माझं पहिलंच मोठं पत्र आहे, चुका काढू नकोस.

ते बोटीतून उतरले आणि माझ्याकडे बघितलं, तेव्हाच मला समजलं. बाजारात बाया मेलेल्या माणसाबद्दल बोलताना जसं बघतात, तसं ते माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, सरस्वती, तू गेलीस. मग मी चहा टाकला. दुसरं काय करणार?

तू विचारशील, मामी, मग रिक्षेत का बसली नाहीस? खरं सांगते, हसू नकोस. चोवीस वर्षं मी पाटी उचलली. आता नवरा उचलत होता. कालवणाची तारीफ करत होता. भांडी घासत होता, तीही दोन्ही बाजूंनी. मला वाटलं, मी डॉक्टरकडे गेले की हे परत जातील आणि मग इथल्याबरोबर राहायचं आहेच. म्हटलं, थोडे दिवस मजा करू. एवढी मजा करून मी मरणार होते, हे आता आठवलं की माझंच मला हसू येतं. तू उठवलंस त्या पोरांना, म्हणून मी हे लिहितेय. ते मी विसरणार नाही.

आता काल सकाळचं सांगते.

पौर्णिमा झालेली, भरती चढलेली, धुकं पडलेलं. आम्ही सगळे धक्क्यावर. इथल्यांनी त्यांची बोट धुऊन दिली, नाव नीट रंगवलं, पण अनुस्वार परत चुकीच्याच अक्षरावर दिला. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. इथल्यांचं पोट मध्ये आलं. पुढचे म्हणाले, "कमी कर हे." इथले म्हणाले, "करतो. तुला दिसेलच ना."

बोटीत चढले आणि इंजिनावर हात ठेवून तसेच उभे राहिले. चालू करेनात. मी जवळ गेले.

म्हणाले, "सरस्वती, मी इथेच राहू का? कोपऱ्यात राहीन. घरी गेलो आणि दार उघडायला कोणीच आलं नाही तर?"

मी म्हटलं, "दोन नवरे मला झेपायचे नाहीत. एकाच्याच घोरण्याने भिंत हलते."

ते हसले नाहीत. माझंही काळीज तुटत होतं, आता नवीन स्प्रिंग लावलेलं असलं तरी. पण मी वाकून त्यांच्या हातात डबा दिला. पहाटे उठून कोलंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केलेल्या. तुझ्या आईला सांगू नकोस, मला चुलीपाशी जायला मनाई आहे.

त्यांनी डबा उघडून बघितला. "एवढं? मी एकटा..." म्हणाले.

मी म्हटलं, "दोघांचं आहे. तुम्ही महिनाभर घराबाहेर. ती वाट बघून उपाशी बसली असेल. आधी तिला वाढा."

त्यांनी डबा छातीशी धरला, इंजिन चालू केलं. बोट दोन हात गेली तेव्हा मला आठवलं, म्हणून मी ओरडून सांगितलं, "कालवण कोणी दिलं ते तिला सांगू नका. दुसऱ्या बाईच्या हातचं ती खायची नाही."

तुझी,
सरस्वतीमामी